पहिली फळी

परवा रंधा मशीनची पाती बदलली. जुन्या पात्याला खिळा लागला होता आणि निघणाऱ्या प्रत्येक फळीवर एक उभी रेघ उठत होती, म्हणून हातातलं काम टाकून बदलली. पाती बसवायला मला आता फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो नंतर. बटण दाबायच्या आधी मी मशीनपुढं उभी राहते आणि बोल्ट पुन्हा पुन्हा चाचपते. आमच्या बाजारात मला फटकळ बाई म्हणतात, ही कुणाच्या बापाला भ्यायची नाही असं माझ्यामागं बोललं जातं, आणि खरं सांगायचं तर ते मला आवडतंही. पण पाती बदलल्यावर पहिली फळी घालताना मी भिते. भ्यायचं काम मी फार उशिरा सुरू केलं. दोन वर्षं माझ्या वाट्याचं भिणं दुसऱ्याच माणसानं केलं आणि त्याला मी काय दिलं ते सांगते.

भोरहून भाटघरच्या वाटेला आमची वखार आहे, वडिलांनी काढलेली. मामा तिथले मिस्त्री. सख्खे मामा नव्हेत, आई त्यांना दादा म्हणायची म्हणून आमचे मामा. राहायला वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, तोरण्याखालच्या वस्तीवर. भावकी सगळी शेळ्यामेंढ्यांमागं फिरणारी, हे एकटेच तरुणपणी लाकडाच्या नादाला लागले. सकाळी वस्तीवरून वेल्ह्यापर्यंत चालत यायचे, तिथून एसटीनं भोर. दुपारी चारची गाडी धरून परत. पावसाळ्यात सुद्धा खाडा नाही.

वडील गेले तेव्हा भावाची पुण्यात नोकरी होती आणि वखार विकून टाकायचं सगळ्यांचं ठरत आलं होतं. मी म्हणाले, मी चालवते. सासरच्यांपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे हसले. मामा तेवढे हसले नाहीत. त्यांनी पाना माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "धर. लई जड न्हाई."

ज्यांनी रंधा मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लोखंडाची दोन टेबलं असतात, एक अलीकडं, एक पलीकडं. मधल्या फटीत एक गोल लोखंडी ब्लॉक फिरतो आणि त्यात हातभर लांबीची तीन पाती बसवलेली असतात. अलीकडून फळी ढकलली की पाती तिला खालून तासतात आणि ती गुळगुळीत होऊन पलीकडं जाते. तिन्ही पाती एकसारखी वर आली पाहिजेत. त्यातलं एक केसभर जरी वर राहिलं तर तेवढंच एकटं कापतं आणि फळीवर बारीक लाटा उठतात. डोळ्याला दिसत नाहीत, तळहाताला कळतात. पॉलिश केल्यावर मात्र डोळ्यालाही दिसतात आणि मग गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहतं.

मामांची बसवायची रीत साधी होती. सागाची एक सरळ पट्टी, तिच्यावर पेन्सिलीच्या दोन रेघा. पट्टी पलीकडच्या टेबलावर ठेवायची, पहिली रेघ टेबलाच्या कडेला लावायची आणि ब्लॉक हातानं सावकाश फिरवायचा. पातं पट्टीला खालून लागतं आणि तिला थोडं पुढं ओढून सोडतं. बरोबर दुसऱ्या रेघेपर्यंत ओढलं पाहिजे. कमी नाही, जास्त नाही. उजव्या टोकाला तेवढंच, डाव्या टोकाला तेवढंच, आणि तिन्ही पात्यांना तेवढंच. "चाटून गेलं पायजे," मामा म्हणायचे, "चावून न्हाई." मग बोल्ट आवळायचे. आधी मधला, अर्धवट, मग कडेचे, परत मधला. खरी मेख तिथंच असते. आवळताना पातं सरकतं. एका हातानं पाना फिरवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी पातं जागेवर दाबून धरायचं, आणि ती बोटं हलता कामा नयेत.

सगळं झालं की मामा खिशातून डबी काढायचे. डबीत देवाचा भंडारा. त्यांच्या वस्तीवरच्या देवळातला, फिकट पिवळा. बोट ओलं करून प्रत्येक बोल्टवर ते भंडाऱ्याची एक रेघ ओढायचे, अशी की अर्धी रेघ बोल्टच्या डोक्यावर येईल आणि अर्धी शेजारच्या लोखंडावर. मला वाटायचं, देवभोळेपणा. पुढं कळलं की त्यात देवही होता आणि अक्कलही होती. बोल्ट जराही ढिला होऊन फिरला तर रेघ तुटलेली दिसते.

आणि एक नियम होता. ज्यानं पाती बसवली, पहिली फळी त्यानंच घालायची. बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, मशीनच्या रेषेत कुणी थांबायचं नाही. एखादा बोल्ट राहिला असेल, पातं सुटलं, तर ते कुणाकडं बघून येत नाही. ज्याचा हात लागला त्यानंच समोर उभं राहायचं. मी लग्नाआधी वखारीत डबा घेऊन जायचे तेव्हापासून हे बघत आले होते. मामा एकटे मशीनपुढं, आंब्याची एक आखूड फळी हातात, आणि वडील, गडी, गिऱ्हाईक सगळे भिंतीला.

मग मामांचा हात थरथर कापायला लागला.

एकदम नाही. आधी चहाच्या कपात दिसला, मग पेन्सिलीत. पण करवत धरली की थांबायचा, म्हणून आम्ही कुणी बोललो नाही. ऐकायला तर त्यांना आधीपासूनच कमी यायचं, मशीनीजवळ जन्म काढलेल्या सगळ्यांचं तसंच होतं. वखारीत सगळे ओरडूनच बोलायचे, त्यामुळं त्याचं काही वाटायचं नाही. एके दिवशी मात्र सारोळ्याचे एक सुतार, आमचं जुनं गिऱ्हाईक, दाराच्या फळ्या परत घेऊन आले. मामा तेव्हा निघून गेले होते. सुतार मला म्हणाले, "ताई, हात फिरवा." मी हात फिरवला. लाटा. मी म्हणाले, ठेवून जा, उद्या देते.

त्या संध्याकाळी मी पाती उघडली. दोन बरोबर होती, तिसरं एका टोकाला वर होतं. आवळताना सरकलेलं. मी पट्टी घेतली आणि मामांना इतकी वर्षं बघून जे डोळ्यात बसलं होतं ते हातानं केलं. तीनदा चुकले, चौथ्यांदा जमलं. मग बोल्टांकडं बघितलं तर भंडारा सगळा पुसून गेलेला. सकाळी मामांना दिसणार. मी घरी जाऊन स्वयंपाकाची हळद आणली आणि तशाच रेघा ओढल्या.

मामांना सांगायला हवं होतं. एवढं साधं होतं. मामा, हात कापतोय, तुम्ही बघा, मी आवळते. एवढंच म्हणायचं होतं. माझ्या जिभेला एरवी हाड नाही. एसटीच्या कंडक्टरपासून तहसीलातल्या साहेबापर्यंत कुणालाही मी तोंडावर बोलते. पण मामांपुढं ती जीभ टाळ्याला चिकटली. आणि मी स्वतःला समजावलं की हा माझा मोठेपणा आहे, म्हाताऱ्या माणसाचा मान राखतेय.

झालं. पुढं दोन वर्षं तेच चाललं. धारेला लावलेली पाती आली की मामा दुपारी बसवायचे, भंडारा लावायचे, म्हणायचे, "आता सकाळच्याला घालू फळी," आणि चारच्या गाडीला जायचे. त्यांची पाठ वळली की मी गड्यांना घरी पाठवायचे आणि सगळं उघडून परत बसवायचे. मशीन चालवून बघत नव्हते. समोर चहाची टपरी, टपरीवाल्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, आवाज ऐकला असता तर सकाळी मामांना पहिलं त्यानंच सांगितलं असतं. हळदीच्या रेघा ओढायच्या आणि कुलूप लावायचं. सकाळी मामा यायचे, सगळ्यांना बाजूला करायचे आणि पहिली फळी घालायचे. फळी आरशासारखी निघायची. मी भिंतीला टेकून म्हणायचे, "मामांचा हात आहे तो, दुसऱ्याला जमायचं नाही." मामा मान हलवायचे.

आता हे लिहिताना मला माझीच शिसारी येते. पाती मी बसवलेली होती. बोल्ट मी आवळलेले होते, नवशिकीनं. आणि समोर उभं करत होते ते हात कापणाऱ्या म्हाताऱ्याला. दोन वर्षांत एकदाही हे माझ्या डोक्यात आलं नाही. मान राखायच्या नादात मी नियमाचा जीवच काढून टाकला होता आणि वर कौतुक करत भिंतीला उभी होते.

मग तो दिवस आला. सारोळ्याचे तेच सुतार घाईचं काम घेऊन आलेले, दुसऱ्या दिवशी कुणाच्या घराची चौकट उभी करायची होती. मी विकत घेतलेलं जुन्या घराचं ऐनाचं लाकूड, त्यात मोडका खिळा राहिलेला. ताडकन आवाज झाला आणि पातं गेलं. भर अकरा वाजता नवी पाती बसवायची वेळ आली. मामांनी पाना घेतला. मी म्हणाले, "मामा, मी करू का?" ते म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं? व्हय बाजूला." सुतार हसले. त्या हसण्यानं माझं डोकं फिरायला लागलं होतं, पण मी बाजूला झाले.

मामांनी पाती बसवली, भंडारा लावला, पहिली फळी घातली. सुतारांनी हात फिरवला आणि माझ्याकडं बघितलं. दुसरी घातली, तिसरी घातली. सुतार म्हणाले, "मामा, लाटा येतायत की." मामा म्हणाले, "लाकूड वलं हाय." मी म्हणाले, पाती परत बघू. मामा म्हणाले, "पाती ब्येस हायेत. हिला सुकलेलं लाकूड घ्यायची अक्कल न्हाई."

मशीन चालूच होतं आणि मी त्या आवाजावर आवाज चढवून ओरडले. "लाकूड सुकलेलंच आहे. तुमचा हात कापतोय. दोन वर्षं झाली, तुम्ही गाडीत बसला की तुमची पाती मी काढून परत बसवते." बोलता बोलता कुणीतरी बटण बंद केलं होतं. शेवटचं वाक्य सगळ्या वखारीत आणि रस्त्यापलीकडच्या टपरीपर्यंत ऐकू गेलं. मामांना तर नक्कीच गेलं.

मामांनी पाना फडक्यानं पुसून खुंटीला अडकवला. सागाची पट्टी मशीनवर होती तशीच ठेवली. डबी तेवढी खिशात टाकली. दारात चप्पल घालताना त्यांना दोनदा अंगठा चुकला, ते मी बघितलं आणि तरी मी जागची हलले नाही. सुतार म्हणाले, "ताई, जरा जास्तच झालं." मी म्हणाले, "तुम्हाला चौकट पाहिजे ना उद्या?" आणि पाती उघडायला घेतली. पहिली फळी सुतारांनीच घातली, त्यांना घाई होती.

मामा दुसऱ्या दिवशी आले नाहीत, त्या आठवड्यात आले नाहीत. मोबाईल त्यांच्याकडं नव्हता, मामींकडं होता. मी फोन लावला नाही. आपणहून येतील, एवढं काय लागायचं, खरंच तर बोलले, असं रोज स्वतःशी घोकत होते. पाती मी बसवायचे आणि फळी घाल म्हणून गड्याला सांगायचे. असे पाच-सहा महिने गेले.

शेवटी एक दाखला काढायला वेल्ह्याला जाणं झालं. तहसीलातलं काम तासात उरकलं. स्टँडवर उभी राहिले आणि परतीच्या गाडीत चढायच्याऐवजी वस्तीची वाट धरली. चढताना मनात सगळं जुळवलं होतं. गेल्या गेल्या पाया पडायचं, मामा चुकलं माझं म्हणायचं, आणि उद्यापासून चला म्हणायचं. पात्याला तुम्ही नजर द्या, पाना मी धरते.

मामा अंगणात शेळीच्या पिल्लाला मांडीवर घेऊन बसले होते. फार वाळले होते. मला बघून म्हणाले, "आलीस व्हय. बस." मामींनी पाणी आणलं. मामी म्हणाल्या, "लई दिसांनी आलीस पोरी. आता ह्येंची कुठं जायची घाई न्हाई. नायतर पाती बदलली की दुसऱ्या दिशी पयल्या गाडीला पळायचे. भाकरी सुदिक बांधून घ्यायचे न्हाईत."

मी विचारलं, "पहिल्या गाडीनं? मामा तर दुसऱ्या गाडीनं यायचे." वखार मी नऊला उघडायचे आणि मामा त्यानंतर यायचे. पण एक किल्ली त्यांच्याकडं वडिलांच्या काळापासून होती, हे मी विसरूनच गेले होते.

मामा पिल्लाच्या कानामागं खाजवत होते. मामींनी माझा प्रश्न त्यांच्या कानाशी ओरडून सांगितला. ते म्हणाले, "पाती बघायला जायाचो. तुझी."

मी ओरडून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्या दिसापासनं. भंडारा फिका असतोय पोरी. तू लावलीस ती कालवणातली हळद. गडद." ते थोडं हसले. "पट्टी लावून बघायचो. पयल्या दोन खेपंला डाव्या अंगाला जरा चावत हुतं, ते म्या सारखं केलं. मग तुझा हात बसला. मग न्हाई लावला हात. नुसतं बघायचो, बोल्ट आवळलेत का, आन कुलूप लावून टपरीवर जाऊन बसायचो."

म्हणजे टपरीवाल्यालाही ठाऊक होतं. ज्याच्या तोंडात तीळ भिजत नाही त्यानं दोन वर्षं मामांसाठी तोंड मिटून ठेवलं होतं.

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"तू चोरून करत हुतीस. म्हणलं, करू दे. शिकतीया."

"आणि फळी? माझी पाती होती ना, मग पहिली फळी तुम्ही का घालत होता?"

मामांनी माझ्याकडं असं बघितलं की हिला एवढंही कळू नये. "मग कोण घालणार? बोलली असतीस तर तू घातली असतीस. तू भिंतीला जाऊन हुबी ऱ्हायचीस. कुणीतरी हुबं ऱ्हायाला पायजे का न्हाई म्होरं?"

मामी आत चहा टाकायला गेल्या. अंगणात आम्ही दोघंच. मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, मामा, चुकलं माझं. पण आवाज फुटला नाही, जेमतेम पुटपुटल्यासारखं निघालं. मामांनी कान पुढं केला. "काय म्हणलीस?"

वखारीत, गिऱ्हाइकासमोर, त्यांचा अपमान करताना मी घसा फाटेस्तोवर ओरडले होते. इथं तीन शब्द ओरडायचे होते. शेजारच्या घरात माणसं होती, ओट्यावर कुणी धान्य निवडत बसलं होतं, त्यांना ऐकू जाईल असं वाटलं. मी ओरडून म्हणाले, "काही नाही, परतीची गाडी कधी आहे विचारलं."

"हाय की चारला," मामा म्हणाले. "हितनं बी चारचीच."

चहा पिऊन निघाले. चला म्हणायचंही राहिलं. तेही ओरडूनच म्हणावं लागलं असतं, आणि ज्यानं माफी मागितली नाही त्यानं बोलवायचं कोणत्या तोंडानं. वाटेला लागले तेव्हा मामा मागून म्हणाले, "आता पयली फळी तू घालत जा. गड्याला घालाया लावतीस म्हणं." टपरीवाल्याचं तोंड मामींच्या फोनवर तेवढ्यासाठी मात्र उघडलं होतं. मी वळून मान हलवली. मनात म्हणाले, पुढच्या खेपेला आले की मोकळ्या रानात नेईन आणि ओरडून सांगेन.

पुढची खेप झाली नाही. चैत्रात मामींचा फोन आला आणि मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं.

त्यांच्या पश्चात पहिल्यांदा पाती बदलली तेव्हा मी सगळ्यांना भिंतीला उभं केलं आणि एकटी मशीनपुढं आले. बोल्ट चारदा तपासले होते. बटण दाबलं, ब्लॉकनं वेग घेतला, आणि त्याचा वारा पोटावर आला. तेव्हा कळलं की इथं उभं राहणं म्हणजे काय असतं. माझे धडधाकट हात कापत होते. त्यांचे तर एरवीच कापायचे, आणि ते माझ्या आवळलेल्या बोल्टांपुढं उभे राहायचे, दर वेळी, मी मागून कौतुक करत असताना.

परवाही तसंच केलं. वस्तीवरच्या देवळातला भंडारा मामी पाठवतात, त्याच्या रेघा ओढल्या. आंब्याची आखूड फळी घेतली, बटण दाबलं आणि मशीननं पुरता आवाज धरला तेव्हा, दर वेळी म्हणते तसं, मोठ्यानं म्हणाले, मामा, चुकलं माझं. घसा फाटेस्तोवर म्हणाले. मशीनच्या आवाजात भिंतीजवळच्या कुणाला काही ऐकू आलं नाही. मग फळी घातली.